चाळीस मायक्रॉन

गाडीच्या रंगावरचा ओरखडा कुणीही काढत नाही, कारण तो काढता येत नाही. ओरखडा म्हणजे जिथला रंग निघून गेलाय अशी जागा. जे तिथे नाहीच ते काढणार कसं? आपण काढतो तो त्याच्या दोन्ही बाजूंचा, चांगला, शाबूत रंग. भोवतालचा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला की खाच उरत नाही, उजेड सरळ परत फिरतो आणि मालक खूश होऊन म्हणतो, "गेला की हो!" मशीन पॉलिशिंगबद्दल मला जे काही कळलंय ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. चमक हवी तर रंग द्यावा लागतो, आणि द्यायला तो फार थोडा असतो.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवशी मी हा उद्योग करते. आधी स्वतःची गाडी, मग भावाची, मग शेजाऱ्यांच्या. पोटापाण्याचा धंदा नव्हे, पण नुसती हौस म्हणावी इतकं हलकंही ते आता राहिलेलं नाही. लोक येऊन विचारतात: मशीन कुठलं घेऊ, घासायचं खरखरीत मलम, म्हणजे कंपाउंड, कुठलं चांगलं, व्हिडिओत दाखवतात ते खरं असतं का. गाडीवर मुळात रंग किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

कारखान्यात पत्र्याची बॉडी जोडून झाली की ती धुतात, तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात आणि अख्खी बॉडी एका मोठ्या हौदात बुडवतात. विजेच्या प्रवाहाने हौदातला गंजरोधक थर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. हा साधारण २० मायक्रॉनचा; मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर. त्यावर खरा रंग, ज्यावरून शोरूममध्ये जाण्याआधी घरात आठवडाभर वाद चालतो तो. त्याला बेसकोट म्हणतात आणि तो जेमतेम १५-२० मायक्रॉन असतो. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरतात. म्हणजे आपण गाडीचा रंग म्हणून ज्याला हात लावतो, ज्यावर धूळ बसते, ज्यात ओरखडे पडतात आणि ज्यावर मशीन फिरतं, तो केसाहून पातळ असा बिनरंगी थर असतो.

या थरात उन्हाची अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. खालचा रंग उडू नये म्हणून ती तिथे असतात. पॉलिश करकरून हा थर फार पातळ केला तर आज काहीच कळत नाही. गाडी उलट जास्तच चमकते. काही उन्हाळे गेले की छपरावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग उमटतात, कडांनी पापुद्रे सुटायला लागतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांवर हे पाहिलं असेल. एकदा पापुद्रा सुटला की जगातलं कुठलंही पॉलिश त्याला उपयोगी नाही, तो भाग खरवडून पुन्हा रंगवायचा.

गॅरेजमध्ये मात्र आजही सहज ऐकू येतं, "रबिंग मारून देतो, नवी दिसेल." रबिंग म्हणजे कंपाउंड लावून घासणं. या सवयीमागे इतिहास आहे, आणि तो समजून घेतला की त्या माणसांवर राग येत नाही. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठी आणला. त्याआधी हाताने लावलेलं वार्निश वाळायला आठवडे जात, हा फवारला की काही तासांत वाळे. आपल्याकडे ते नाव इतकं रुजलं की फर्निचरवाले अजून 'डुको' मारून देतात. पण हा रंग वाळल्यावर मंद दिसे, तुकतुकी आणायला त्याला कंपाउंडने घासावंच लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी किंवा एखादी अँबॅसेडर पुन्हा रंगवायला आली की पेंटर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा, थरावर थर मारायचा, मग वॉटर पेपर, मग रबिंग. घासताना फडक्याला गाडीचा रंग लागे आणि खाली तोच रंग आणखी असे. घरातलं पितळी भांडं चिंचेने घासल्यासारखंच ते, वरचं गेलं तरी आत पितळच. आजच्या गाडीला आत पितळ नाही. गाडी बदलली, घासणाऱ्या हाताची सवय तेवढी तीच राहिली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर मशीनच्या पॅडला, म्हणजे रंगावर फिरणाऱ्या गोल गादीला, रंग लागला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागलेला दिसला, तर मशीन त्या क्षणी बंद. क्लिअर कोट संपलेला असतो.

शेजारच्या काकूंची गाडी गडद निळी आहे. दहाएक वर्षांची हॅचबॅक, स्वतः चालवतात, भाजीपासून साताऱ्याच्या माहेरापर्यंत. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यामुळे प्रश्न थेट विचारला. "अगं, सगळे ओरखडे जातील ना?"

"आधी बघू तर द्या, काकू."

हे बघणंच खरं काम आहे. मशीन फिरवायला कुणालाही शिकवता येतं. कुठला ओरखडा कुठल्या जातीचा, हे ओळखायला गाडी आधी स्वच्छ धुवावी लागते, सावलीत घ्यावी लागते आणि हातातला दिवा तिरपा धरून एकेक पत्रा वाचावा लागतो.

ड्रायव्हरच्या दारावर एक काळपट पट्टा होता. त्यावर काकूंना कुणीतरी अख्खं दार रंगवायला सांगितलं होतं. बोट फिरवलं तर खाच लागत नव्हती, उलट किंचित उंचवटा लागत होता. पार्किंगमध्ये शेजारी लागणाऱ्या स्कूटरच्या हँडलची रबरी मूठ दाराला घासली होती आणि मुठीचं रबर गाडीवर उतरलं होतं. डांबर काढायचं द्रावण फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसलं आणि पट्टा गेला. दार जसंच्या तसं. ज्यांना आपण ओरखडे म्हणतो त्यातले बरेचसे असे दुसऱ्याचं काही आपल्या गाडीवर चिकटल्याचे डाग असतात. भिंतीचा चुना, खांबावरचा पिवळा रंग, दुसऱ्या गाडीचा बंपर. ते आधी उतरवावेत. त्यासाठी एक कणही क्लिअर कोट खर्च करायचं कारण नाही.

मागच्या बंपरचा कोपरा खांबाला लागला होता. तिथे काळं प्लास्टिक उघडं दिसत होतं. तिथे मशीनचं काही काम नाही, ते रंगाचं काम.

मागच्या दारावर एक लांब चरा. कुणाची किल्ली असेल, पिशवीची चेन असेल. त्यावर पाणी टाकलं तर थोडा फिकट झाला, पूर्ण दिसेनासा झाला नाही. नख आडवं फिरवलं तर मधल्या भागात अडकलं. पाण्याने दिसेनासा होणारा ओरखडा क्लिअर कोटच्या वरच्या भागात असतो, तो बहुधा जातो. ज्यात नख अडकतं त्याच्या मागे लागू नये. त्याचा तळ गाठायचा तर भोवतीचा इतका थर काढावा लागेल की खाली काही उरणार नाही. अशा ओरखड्याच्या धारदार कडा फक्त गोल करायच्या. कडा बोथट झाल्या की उजेड त्यावर चमकत नाही आणि चार पावलांवरून तो नजरेत येत नाही. जवळ गेल्यावर असतोच.

उरलं बॉनेट. सावलीत साधंच दिसत होतं. दिवा धरला आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती हजारो बारीक रेघा गोल फेर धरून उभ्या राहिल्या. पेट्रोल पंपावर रात्री गडद रंगाच्या कुठल्याही गाडीवर हे दिसतं. लोकांना वाटतं कुणीतरी गोल गोल पुसल्यामुळे ते गोल झालेत. तसं नसतं. रेघा सगळ्या दिशांना पडलेल्या असतात, पण ज्या रेघा उजेडाच्या रेषेला आडव्या येतात तेवढ्याच आपल्याकडे चमकतात, आणि त्या मिळून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवला की वर्तुळंही त्याच्या मागोमाग हलतात. मला हे पाहायला अजूनही फार आवडतं. ज्याने कुणी गाडी पुसली, त्याच्या हाताची प्रत्येक खेप तिथे नोंदलेली असते.

आणि आपल्याकडे गाड्या रोज पुसल्या जातात. सकाळी सहाला आमच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणारे दादा येतात. हातात एक बादली, दोन फडकी. रात्रभर बसलेली धूळ, समोरच्या बांधकामावरून आलेली सिमेंटची पूड, आणि त्यावरून ते फडकं. धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. एका बादलीत ओळीने गाड्या होतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपासून फडक्यात पाण्यापेक्षा माती जास्त. मी त्यांना म्हटलं, "दादा, कोरडं फडकं मारू नका ना." ते म्हणाले, "ताई, नाही मारलं तर मालक म्हणतात गाडी पुसलीच नाही. आणि गाडीमागं एक बादली पाणी सोसायटी देती का?" त्यांचं बरोबर आहे. गाडीमागे महिन्याचे ठरलेले पैसे आणि पाण्याचा टँकर या हिशेबात याहून वेगळं ते करणार काय? उपाय मालकाकडेच आहे. रोज पुसण्याचा हट्ट सोडायचा, आठवड्यातून एकदा नीट धुवायची, मधल्या दिवसांत धूळ राहू द्यायची. बसलेल्या धुळीने ओरखडा पडत नाही, ती ओढली की पडतो. कापडी कव्हरचंही तेच. धुळीवर कव्हर घातलं आणि वाऱ्याने ते दिवसभर फडफडलं, तर ओरखडे पाडायला दुसरं काही करायची गरज उरत नाही.

धुताना दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची. आधी पाण्याच्या झोताने सुटी माती उतरवायची, छपरापासून खाली यायचं, दारांचा खालचा भाग शेवटी. धुऊन झालं तरी गाडी स्वच्छ झालेली नसते. पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून बॉनेटवर बोटं अलगद फिरवा, नुसत्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. खरखर, बारीक काटे. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात. त्यावर लोह विरघळवणारं द्रावण फवारलं की थोड्या वेळात जांभळे ओघळ वाहायला लागतात. काकूंनी ते पाहून घाबरून माझा दंड धरला. रंग जातोय असं वाटलं त्यांना. मी सांगितलं, हे गंजायला निघालेलं लोखंड आहे. त्यानंतर क्ले. जपानमधून जगभर गेलेली ही मळलेल्या कणकेएवढी मऊ वडी भरपूर ओलाव्यावरून फिरवली की उरलेलं सगळं ओढून घेते. वडी खाली पडली तर टाकून द्यायची, जमिनीवरची वाळू तिच्यात गेलेली असते. ही पायरी वगळून जे मशीन लावतात ते त्याच कणांना फोमखाली धरून रंगावर फिरवत असतात.

आता मशीन. गॅरेजमध्ये असतं ते रोटरी. एकाच आसाभोवती गरगर फिरतं, भराभर कापतं आणि एकाच जागी उष्णता साठवतं. कसबी हातात ते सुंदर चालतं. तसे हात मी पाहिलेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नवशिक्याच्या हातात कडेवर ते क्षणभर रेंगाळलं तरी क्लिअर कोट जळून खालचा थर दिसतो. शिवाय लोकरीचं पॅड लावून काम अर्धवट सोडलं की उन्हात गाडीवर ढगासारखे पट्टे हलताना दिसतात. दुसरं मशीन ड्युअल अॅक्शनचं. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी त्याचा मध्यच छोट्या वर्तुळात फिरतो. एकच कण एकाच वाटेवरून पुन्हा पुन्हा जात नाही, उष्णता पसरते आणि जास्त दाब दिला तर पॅडचं फिरणंच थांबतं. ही त्याची कमजोरी म्हणा, पण रंगाचा जीव त्यानेच वाचतो. इटलीतल्या रूपेस कंपनीने १५ आणि २१ मिलिमीटर फेकीची, म्हणजे पॅडचा मध्य तेवढ्या मोठ्या वर्तुळात फिरवणारी मशीनं आणली, त्यामुळे ही मशीनं कापत नाहीत ही जुनी तक्रारही मागे पडली. घरी करणाऱ्याने ड्युअल अॅक्शनच घ्यावं. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

काकूंच्या बॉनेटवर मी आधी चिकटपट्टी लावली. दोन्ही कडा, मधल्या उठावदार रेषा, वॉशरची नळी, काचेखालचं काळं प्लास्टिक. फवारलेला ओला रंग धारेवरून बाजूला ओघळतो, म्हणून कडेवर मुळातच थर पातळ असतो. त्यात पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. गाड्या जळतात त्या बहुतेक अशा रेषांवरच. काळ्या प्लास्टिकवर पॉलिश उडालं तर त्याचे पांढरे डाग सहज निघत नाहीत. अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवून ठेवलं. ओढणी घेतलीच नव्हती. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकली, नाहीतर पॉलिश करता करता तीच बॉनेटवर घासत राहते.

जाडी मोजायचं यंत्र काढलं. लोखंडी पत्र्यावर ते टेकवलं की वरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं. बॉनेटवर ११० ते ११८ मिळाले. मूळचा रंग असावा असा हा आकडा. २०० च्या पुढे गेला की पुन्हा रंगवलंय असं समजायचं, आणि ७००-८०० दिसले तर खाली लांबी भरलेली असते. पण एक गोष्ट ते यंत्र सांगत नाही: त्या ११० मध्ये क्लिअर कोट किती. आधी कुणी दोनदा रबिंग मारून गेलं असेल तर तेही नाही. त्याची स्वतःची चूकही दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि हलकं पॉलिश तेवढंच काढतं. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतही नाही. आकडा हातात असला तरी संशय सोडायचा नसतो.

मग चाचणीची जागा. बॉनेटच्या मधोमध, दीड-दोन फुटांचा चौकोन. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम आणि बारीक पॉलिश. पॅडवर पॉलिशचे चार ठिपके, मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवायचं आणि सगळ्यात कमी वेगाने ते पसरायचं, नाहीतर शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. मग वेग चार-पाचवर. हात मात्र सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आडव्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या अर्ध्या ओळीवर, मग त्यावर उभ्या. पॅडच्या मागच्या तबकडीवर मी मार्करने एक रेघ मारून ठेवते. ती फिरताना दिसली पाहिजे. बॉनेटच्या वळणावर आले की ती रेघ मंदावते, थरथरते, कधी थांबते. थांबली की पॅड नुसतं जागच्या जागी थडथडतंय, कापत नाहीये, हे कळतं. तिथे दाब वाढवायचा मोह होतो. दाब कमी करून मशीन पुन्हा सपाट धरायचं, रेघ फिरायला लागते.

आवाजही बदलतो. पॉलिश ओलं असताना मशीन भरल्या गळ्याने बोलतं, पॉलिश संपत आलं की आवाज कोरडा होतो. त्याच सुमाराला पत्र्यावरची दाट साय विरळ होऊन तिच्यातून निळा रंग दिसायला लागतो. थांबायची वेळ ती. हाताची मागची बाजू टेकवून पाहायची, पत्रा कोमट लागला पाहिजे. मे महिन्यातल्या दुपारी हे जमतच नाही. पत्रा आधीच तापलेला असतो, पॉलिश पसरायच्या आत वाळून त्याची पूड होते. पावसाळ्यात उलट, हवेतल्या ओलीने ते वाळता वाळत नाही आणि पुसताना तेलकट राहतं. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सोन्यासारख्या.

पुसल्यावर चौकोन लख्ख दिसतो, आणि नेमकं त्याच क्षणी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पॉलिशमधली तेलं ओरखड्यांत जाऊन बसतात आणि ते झाकतात. पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसायचं आणि पुन्हा दिवा धरायचा. माझ्या आतेभावाने वापरलेली गाडी घेतली तेव्हा ती आरशासारखी होती. दोन-तीन धुण्यांत ते भरण वाहून गेलं, सगळी वर्तुळं परत आली, आणि बॉनेटच्या कडेला बोटभर लांब एक मंद, फिकट पट्टा उघडा पडला. तिथला क्लिअर कोट विकण्याआधी चमक आणायला मारलेल्या रबिंगमध्ये जळाला होता. गाडी घेताना कुणी एक ओलं फडकं अल्कोहोल लावून फिरवलं असतं तर किमतीत ते बोलता आलं असतं.

काकूंच्या चौकोनात अल्कोहोलनंतर बारीक रेघा बहुतेक गेल्या होत्या. तुरळक पाच-सहा थोड्या खोल रेघा राहिल्या. फोम बदलून, कंपाउंड घेऊन त्याही काढता आल्या असत्या. मी काढल्या नाहीत. अख्ख्या बॉनेटवर तेवढं जास्त खोल जायचं, ते पाच-सहा रेघांसाठी, ज्या फक्त हातातल्या दिव्याखाली दिसतात? गाडी अजून दहा वर्षं चालायची आहे. आधी काय काय झालंय ते माहीत नाही. सौम्य जोडीवरच उरलेलं बॉनेट केलं, दर चौकोनानंतर ब्रशने पॅड साफ करत. पॅडमध्ये अडकलेला तो पांढरट लगदा म्हणजे नुसतं पॉलिश नसतं, त्यात गाडीचा क्लिअर कोटही असतो, आणि तो तसाच ठेवला की पॅड चिकटतं, तापतं, नवे ओरखडे पाडतं.

काकू स्टूल घेऊन शेजारी बसल्या होत्या. मागच्या दाराचा चरा मी त्यांना दाखवला. कडा बोथट झाल्या होत्या, चरा होता.

"हा राहिला गं."

"राहील, काकू. आणखी घासलं तर दार रंगवावं लागेल. मूळचा रंग आहे, तो पुन्हा मिळत नाही."

त्यांनी जरा वेळ विचार केला. "मग राहू दे. कारखान्यातलं ते कारखान्यातलं."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. कारखान्यात रिकाम्या बॉडीवर १४० अंशांच्या आसपास भाजलेला रंग कुठल्याही गॅरेजला पुन्हा तसा देता येत नाही. सीट, वायरी, प्लास्टिक असलेली जोडलेली गाडी इतकी तापवताच येत नाही. गॅरेजचं रंगकाम उत्तम होऊ शकतं, पण ते वेगळ्या जातीचं. म्हणून मूळ रंग जितकी वर्षं वाचेल तितका वाचवावा, त्यावर दोन-चार चरे असले तरी.

खालोखाल प्रश्न येतो सिरॅमिकचा. "सिरॅमिक करून टाकू का, म्हणजे ओरखडेच नकोत." सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, कित्येकदा त्याहूनही कमी. पाणी त्यावरून पळतं, माती सहज सुटते, धुणं सोपं होतं, आणि एवढ्यासाठीही ते चांगलंच आहे. पण जाहिरातीतलं '९एच' म्हणजे पेन्सिलीच्या शिशाने घेतलेल्या चाचणीतला कठीणपणा. वाळूच्या कणाला किंवा किल्लीला ती पेन्सिल रोखत नाही. खरा अडसर हवा असेल तर रंगावर चढवायची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, ती १५०-२०० मायक्रॉनची असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या थरांच्या बेरजेहून जाड. खर्चही तसाच. काकूंच्या गाडीला मी साधं सीलंट, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर देणारं द्रव्य, लावलं. ते काही महिन्यांनी पुन्हा लावायचं, हाताने, पंधरा-वीस मिनिटांचं काम.

दसऱ्याआधी काकूंनी स्वतःहून विचारलं, पूजा कशी करू? दर वर्षी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर अक्षता, तारेत ओवलेला झेंडूचा हार. संध्याकाळी हार वाळतो, गाडी धावायला लागली की तारेचं टोक बंपरवर आपटत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कुंकू नि तांदूळ कोरड्या फडक्याने झटकतात. मी म्हटलं, स्वस्तिक काचेवर काढा, कोपऱ्यात, काच रंगापेक्षा पुष्कळ कठीण असते. हार दोऱ्यात ओवून घ्या. अक्षता पाण्याने उतरवा. त्यांनी तसंच केलं, आणि दादांनाही तसं सांगितलं. आता सोसायटीतल्या आणखी दोन-तीन घरांत दोऱ्याचे हार आले आहेत.

त्या बॉनेटला आता काही वर्षं मशीन लावायचं नाही, हे आमचं ठरलंय. वहीत आकडे लिहून ठेवलेत, कुठलं पॅड, कुठलं पॉलिश, किती खेपा, तेही. बंपरचा कोपरा तेवढा राहिलाय. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवरून उतरवून घेतलाय, पेंटरकडे नमुना द्यायचा आहे. पावसाळ्याच्या आत तो करून घेऊ.